सासूबाईंच्या पायातली देवी

आमच्या सासूबाई रतनबाई यांना आयुष्यात कुणाचं म्हणून पटलं नाही. सासऱ्यांचं पटलं नाही, माझं पटायचा प्रश्नच नव्हता, एसटीच्या कंडक्टरचं पटलं नाही, आणि टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगणाऱ्या बाईशी तर त्या रोज भांडायच्या. धारूरच्या डोंगराखाली आमची वस्ती. घरची शंभरेक मेंढरं आणि त्यांच्यामागं जन्मभर चाललेले या बाईंचे दोन पाय, एवढ्यावर आमचं घर उभं आहे असं त्या स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. डॉक्टर हा माणूस धडधाकट लोकांना आजारी पाडण्यासाठी सरकारनं नेमलेला असतो, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे उजव्या टाचेवर काळं काहीतरी उगवलं तेव्हा निदान त्यांनीच केलं, औषध त्यांनीच दिलं, आणि गुण आला असंही त्यांनीच जाहीर केलं.

निदान होतं कुरूप, आणि औषध अर्थातच बिब्बा. आमच्याकडे पायाचा सगळा कारभार बिब्ब्यावर चालतो. काटा मोडला, भेग पडली, ठेच लागून चिघळलं, की दाभणाला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा आणि त्याचं उकळतं तेल दुखऱ्या जागेवर टिपायचं. वर ओरडायचं नाही, कारण ओरडलं की म्हणे गुण जातो. त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने हटत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या तळव्याला असे डाग आहेत. माझ्याही आहेत, सगळे लग्नानंतरचे. आता काळ्या डागाखाली दुसराच एक काळा डाग वाढत बसलाय, हे कुणाला कळावं? डाग थोडा पसरला की सासूबाई त्यावर नवा बिब्बा घालायच्या आणि म्हणायच्या, बिब्बा लागू पडायलाय.

मी बारावी पास आहे. या गोष्टीचा घरात कुणी फारसा त्रास करून घेत नाही, पण मी एकदा धीर करून म्हणाले, "आत्या, कुरूप असं पसरत न्हाई कधी."

"तू किती कुरपं काढलीस गं आजवर?"

मी एकही काढलेलं नव्हतं. तिथं माझी बारावी संपली.

मग एक दिवस टाचेतून रक्त यायला लागलं आणि थांबेना. धारूरच्या एका डॉक्टरनं मलम दिलं, दुसऱ्यानं सुया दिल्या, तिसऱ्यानं पाय हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. त्या तिसऱ्याला मी आजही मानते. त्यानं सरळ पुण्याचा रस्ता दाखवला. तिथल्या मोठ्या दवाखान्यात टाचेचं मांस खरवडून काढलं, मांडीची कातडी तिथं लावली आणि आम्हाला सांगितलं की हा कातडीचा काळा कॅन्सर आहे. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, चालायला कधी लागायचं. बाकी त्यांना काही विचारायचं नव्हतं. चार महिन्यांत त्या पुन्हा मेंढरांमागं होत्या, जरा लंगडत, पण तोंड पूर्वीसारखंच चालू.

वर्ष सरलं नाही तोच नडगीवर गाठी उठल्या. काळ्या, टपोऱ्या, पिकल्या करवंदांसारख्या. आम्ही पुन्हा पुण्याला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी गाठी पाहिल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढं झाल्यावर चांगली बातमी येत नसते हे मला कळायला लागलं होतं. ते म्हणाले, नेहमीची औषधं यांना पुरणार नाहीत, या वर चढत गेल्या तर पाय मांडीतून काढावा लागेल.

"आन् मेंढरामागं कोन जाईल?" सासूबाई म्हणाल्या. "तू येतूस?"

मोठ्या डॉक्टरांना मेंढरं वळायची सवय नव्हती.

माझे यजमान परमेश्वर हे मांजरसुंब्याला एका धाब्यावर तंदूर सांभाळतात. नावाप्रमाणेच ते सगळीकडे आहेत असं सगळे म्हणतात, फक्त हाक मारली की दिसत नाहीत. फोनवर म्हणाले, "तूच बघ बबिता, तू शिकलेली हायस." ज्या दिवशी काही ठरवायचं असतं, त्याच दिवशी माझं शिक्षण त्यांना आठवतं. सासरे बंकटमामा वर्षातून दोनदा बोलतात, आणि त्या वर्षीचं एकदा बोलून झालं होतं. तेव्हा पायाचं काय करायचं हे मी, सासूबाई आणि डॉक्टर वैष्णवी नावाची एक तरुण पोरगी, अशा तिघींनी मिळून ठरवलं.

या डॉक्टर वैष्णवीकडे एका नव्या औषधाच्या प्रयोगाचं काम होतं. औषध कसलं, तर विषाणू. तो सुईनं थेट गाठीत टोचायचा. तिनं खुर्ची ओढली, सासूबाईंच्या पुढ्यात बसली आणि सावकाश सांगितलं, "आजी, तापात ओठावर पुरळ उठतं ना, त्याच जातीचा हा विषाणू आहे. आम्ही त्याची नखं काढून घेतली आहेत. चांगल्या मांसात शिरला तर तिथं त्याचं काही चालत नाही. पण गाठीत शिरला की तो वाढतो, गाठीतला एकेक कण फोडतो आणि शेजारच्या कणात जातो. ही फोडाफोडी झाली की तुमच्या अंगाची राखण जागी होते, मग तीही गाठीवर तुटून पडते." मग पुढं म्हणाली, "ताप येईल, हुडहुडी भरेल. आणि सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही."

"म्हंजी रोगावर रोग सोडायचा."

"अगदी बरोबर, आजी."

"त्यो गाठ खातो."

"एका अर्थी खातोच."

"ताप येतो, आन् मंग खपल्या पडत्यात."

"गुण आला तर पडतील."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "पोरगी शानी हाय," म्हणाल्या. "पर सुईत कोन बसलीय तिचं नाव तिला ठावं न्हाई."

मलाही ठाऊक नव्हतं. परतीच्या गाडीत, खिडकीशी बसून शेंगा खाता खाता, त्यांनी सांगितलं. जी येते, अंगात ताप आणते, खाते आणि खपल्या टाकून निघून जाते, ती बया. देवी. दवाखान्यानं तिला बाटलीत भरली म्हणून ती काय दुसरी होते? मी विषाणू आणि देवी यांतला फरक सांगायला गेले. त्यांनी शेंगांची फोलपटं माझ्या ओंजळीत ठेवली आणि डोळे मिटले.

देवीचा रोग देशातून गेला, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पण मेंढरांची देवी आमच्याकडे अजून येते, आणि सासूबाईंच्या लेखी मेंढरं आणि माणसं यांत फार अंतर नाही, मेंढरं थोडी वर. त्यांच्या दंडावर लहानपणच्या लसीचे दोन वण आहेत. आणि आमच्या लोकांची रीत अशी की रोग घरात आला तर त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. तो पाहुणा. त्याचं करायचं, त्याला खाऊ घालायचं, मान द्यायचा, आणि पोट भरलं की वाजतगाजत वाटेला लावायचं. माझ्या माहेरीही कांजिण्या आल्या की हे व्हायचं. पण माहेरी पाहुणी दहा-बारा दिवसांत जायची. इथं दर पंधरवड्याला पुण्याहून नवी सुई, म्हणजे पाहुणी जायच्या आत पाहुणी हजर.

पहिल्या सुईनंतर सासूबाईंना ताप चढला, दात वाजायला लागले, आणि घरात देवी बसली. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद. तळण बंद. मटण बंद. केस विंचरायचे नाहीत. बाहेरून आलेल्यानं पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि नवरा-बायकोनं एका खोलीत निजायचं नाही, पण तो नियम पाळायला मला काहीच जड गेलं नाही, नवरा मांजरसुंब्याला. तिथं ते तंदुरी खात होते आणि मी इथं बिनफोडणीचं वरण. विज्ञानाच्या बाजूला मी, देवीच्या बाजूला सासूबाई, आणि आमच्या मधे ताटात ते पिवळं पाणी. जिरं-मोहरीचा तडतडाट ऐकायला मी काहीतरी काम काढून शेजारच्या बायनाबाईच्या घरी जायचे आणि चुलीपाशी उभी राहायचे. बायनाबाई मनानं मोठी, भाकरीवर ठेचा घालून द्यायची, आणि मग गावभर सांगायची की रतनबाईची सून उपाशी हाय.

गंमत पुढं आहे. डॉक्टर वैष्णवीचे स्वतःचे नियम होते. पट्टी उघडायची नाही. हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. वापरलेली पट्टी पिशवीत घालून गाठ मारायची आणि पुढच्या खेपेला परत आणायची. पट्टी आहे तोवर लहान लेकरू आणि पोटुशी बाई लांब ठेवायची. बाकीचे पेशंट म्हणे हे काही पाळत नसत. कुणी पट्टी काढून आंघोळ करायचा, कुणी गाठ खाजवायचा. आमच्या सासूबाईंच्या पट्टीचं टोकसुद्धा हललेलं नसायचं. डॉक्टर वैष्णवी खूश. "आजी किती समजूतदार आहेत," असं ती मला म्हणाली. हे विशेषण सासूबाईंना लागलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मोठ्या डॉक्टरांनी तर चार शिकाऊ डॉक्टरांना आणून दाखवलं की खेड्यातली निरक्षर बाई कशी शास्त्रीय वागते. शास्त्रीय बाई तेव्हा तोंडातल्या तोंडात देवीचं गाणं म्हणत होती.

या सगळ्यात खरे हाल झाले ते नंदूचे. नंदू म्हणजे माझी लेक राजनंदिनी, चार वर्षांची. जन्मल्यापासून ती आजीच्या कुशीत निजायची. मी तिची आई आहे हे तिला कागदोपत्री मान्य होतं, बाकी सगळं आज्जी. आता आज्जी वेगळ्या खोलीत आणि दारात आडवी काठी. नंदू काठीच्या अलीकडे बसायची, आज्जी पलीकडे, आणि दोघी तिथून मेंढरांच्या नावांची उजळणी करायच्या. निजायच्या वेळेला नंदू भोकाड पसरायची. सासूबाई आतून दटावायच्या, "गप ऱ्हा. ती ऐकायलीय." कोण ऐकायलीय हे नंदूला कळायचं नाही, पण ती गप्प व्हायची.

गाठी आधी फुगल्या. लाल झाल्या, टरटरल्या. मी घाबरले. गाव घाबरलं नाही, गावाला मजा आली. कोरोनात सख्ख्या भावाला दारातून परत पाठवणारी बायनाबाई नारळ घेऊन आली आणि लांबून पाया पडली. तिचा गुडघा दुखत होता. मग कुणाची पाठ, कुणाचं लग्न जमेना, कुणाची शेळी आटली. देवीला बोलवावं लागत नाही, ती पुण्याहून दर पंधरा दिवसांनी गाडीनं येते, आणि रतनबाईच्या पायात राहते, हे ऐकून नारायणगडाला दर्शनाला जाणारे दोघे वाट वाकडी करून आमच्याकडे आले. सासूबाईंनी सगळ्यांना बाहेरच बसवलं आणि सांगितलं, "माझं खायला आलीय ती. तुमचं दुखनं तुमी बघा."

आणि मग, खोटं कशाला बोलू, गाठी वाळायला लागल्या. आधी सगळ्यात वरची, मग तिच्या शेजारची. पट्टी काढली की गाठीवर काळी खपली दिसायची आणि खाली कोवळी गुलाबी कातडी. डॉक्टर वैष्णवी मोजपट्टीनं एकेक गाठ मोजायची आणि तिचा चेहरा उजळत जायचा. ज्यांना सुई टोचलीच नव्हती अशा दोन गाठीही बसल्या. अंगाची राखण जागी झाली, असं ती म्हणाली. मला त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात रडू आलं. ज्या बाईनं मला लग्नानंतर पहिल्या महिन्यात बिब्ब्याचे तीन चटके दिले तिच्या पायासाठी मी रडत होते. मग मी तोंड धुतलं आणि चहा घेतला.

राहिली एकच गाठ, गुडघ्यामागं, हरभऱ्याएवढी. तिच्यासाठी आणखी काही सुया लागणार होत्या.

पण नडगीवरच्या खपल्या पडल्या होत्या. खपल्या पडल्या म्हणजे बयाचं पोट भरलं. मंगळवार पाहून सासूबाईंनी तिची बोळवण काढली. कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ, दहीभाताचा नैवेद्य, हिरव्या बांगड्या, खण, सगळं टोपलीत. हलगीवाला आला, बायका आल्या. ओढ्याजवळ शेंदूर लावलेला दगड आहे तो आमच्या गावाची शीव. तिच्यापलीकडं टोपली ठेवून सगळ्या परत फिरल्या. सासूबाईंनी घरी येऊन काठी काढून टाकली, नंदूला उचललं आणि माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "बबे, तेल तापव." त्या दिवशी मी आमटीला दिलेल्या फोडणीनं अख्खी वस्ती शिंकली. नंदू तशीच आज्जीच्या मांडीवर जेवली आणि तिथंच झोपली.

पुढच्या पंधरवड्याला पुण्याला निघायच्या दिवशी मी पिशवी भरली. सासूबाई उठल्याच नाहीत.

"म्या न्हाई येत."

"आत्या, गाठ राहिलीय एक."

"ऱ्हाऊ दे. शिवंभाईर घातलेल्या बाईला पुन्ना घरात आनत न्हाईत."

मी समजावलं, ओरडले, डॉक्टर वैष्णवीला फोन लावून दिला. ती फोनवरून म्हणाली, "आजी, ती गाठ जिवंत आहे. आता सोडलं तर ती पुन्हा पसरेल. पाय जाईल, आणि पायावर भागलं तर नशीब." सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि फोन माझ्याकडे परत दिला. मला वाटलं, हट्ट. या बाईच्या हट्टाला मी दहा वर्षं ओळखत होते. मी ताडताड बोलले. म्हणाले की तुमाला मरायचंच असंल तर मरा, पर या लेकराकडं बघून तरी.

त्यावर त्या म्हणाल्या, "तिच्याकडं बघूनच म्हनायलेय."

मग त्यांनी सांगितलं. त्या नंदूएवढ्या असताना त्यांच्या धाकट्या भावाला देवी आली. खपल्या पडल्या, पोरगं उठून बसलं. आईनं बोळवण केली, टोपली शिवेबाहेर ठेवली. पण पोराचं अंग पुन्हा तापलं. आई घाबरली. तिला वाटलं आपण बयाला लवकर हुसकलं, ती रुसली. म्हणून ती एकटी शिवेवर गेली आणि पदर पसरून म्हणाली, माय, मागं ये. बया मागं आली. "बोलवून आनलेली भुकेली येती," सासूबाई म्हणाल्या. "आन् ती म्हातारं मानूस खात न्हाई. घरातलं कवळं बघती." भाऊ गेला, आणि त्याच्यामागून पाळण्यातली बहीणही गेली. आईनं जन्मभरासाठी सगळ्यांशी बोलणं टाकलं.

मला यावर विज्ञानातलं बरंच काही सांगता आलं असतं. मी पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. या बाईला पाय नको होता असं नाही. तिला पाय आणि नंदू यांत निवडायचं होतं, आणि तिनं एका क्षणात निवडलं होतं.

तेव्हा बंकटमामांनी त्या वर्षीचं दुसरं बोलणं बोलून घेतलं. ओसरीवरून, तंबाखू मळत, बायकोकडं न पाहता ते म्हणाले, "बया शिवंभाईर हाय न्हवं? मंग तू बी शिवंभाईर ऱ्हा. तिला घरी कोन बोलवायलंय?"

आमच्या घरात इतकं शहाणपणाचं बोलणं कुणी केलेलं मला आठवत नाही. सासूबाईंनी बराच विचार केला. देवीला घरात आणायचं नव्हतं, पण देवीच्या गावी आपण जायला कुणाची ना नव्हती. त्याच दिवशी ओढ्यापलीकडच्या माळावर ताडपत्रीचं पाल पडलं. मेंढरांची वाघर, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी, तिथंच लागली. सासूबाई पुण्याला जायच्या त्याही तिकडूनच, डोंगराच्या अंगानं मोठा वळसा घालून डांबरी रस्त्याला लागायच्या. मी गावातून सरळ जाऊन त्यांना रस्त्यावर भेटायचे. दोघी एकाच गाडीत बसायचो, एकाच बाकड्यावर, आणि परत आल्यावर वेगवेगळ्या वाटांनी जायचो. डॉक्टर वैष्णवीला मी खरं कारण सांगितलं नाही. ती आपली म्हणत होती, मोकळ्या हवेचा फायदाच होईल.

रोज डबा मी न्यायचे. बिनफोडणीचा. दगडापाशी ठेवायचे, त्या येऊन उचलायच्या. नंदू माझ्याबरोबर यायची आणि अलीकडून आरोळी ठोकायची, "आज्जी, काळीला काय झालं?" काळी या मेंढीला कोकरू झालं होतं. आज्जी ते उंच धरून दाखवायची. मला हा सगळा तात्पुरता तमाशा वाटत होता. सुया संपतील, बाई घरी येईल, पुन्हा माझ्या भाकरीला नावं ठेवेल.

सुया संपल्या. शेवटच्या खेपेला गुडघ्यामागं एक फिकट ठिपका उरला होता, बाकी काही नाही. डॉक्टर वैष्णवीनं दाबून पाहिलं, मशीनवर पाहिलं, मोठ्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला नाही. "आजी, आता सुया बंद," ती म्हणाली. "फक्त तपासायला यायचं. घरी जा आणि नातीला जवळ घ्या."

सासूबाईंनी विचारलं, "गेली का ती समदी?"

इथं जगातला कुठलाही शहाणा माणूस हो म्हणाला असता. आमच्या वस्तीवर दूध घालणाऱ्यापासून परमेश्वरापर्यंत सगळे कारण नसताना खोटं बोलतात. पण शिकलेल्या पोरीला नेमकं नको तिथं खरं बोलायची सवय असते. ती म्हणाली, "गाठी गेल्या, आजी. विषाणू मात्र थोडाफार कुठंतरी नसेत निजून राहू शकतो, अगदी जन्मभर. पण त्याचा कुणाला काही त्रास नाही. नातीला तर मुळीच नाही."

पुढची दोन वाक्यं तिनं उगीच खर्ची घातली. सासूबाईंनी 'निजून' एवढंच ऐकलं.

परत आल्यावर त्या वळसा घालून पालाकडंच गेल्या. मी म्हणाले, "आत्या, आता तिकडं कावून?" त्या म्हणाल्या, "निजलीय ती. जागं व्हायला किती येळ लागतो?" आठवडे गेले, सण गेले. यजमान एकदा येऊन आईला लांबून समजावून गेले आणि मला म्हणाले, तूच बघ. गावानं यावर पुष्कळ चर्चा केली आणि रतनबाईंना सुनेनं बाहेर काढलं असा निकाल दिला. बायनाबाईनं तो मला घरी येऊन कळवला. मी तिला चहा दिला. पाय वाचला होता. त्या पायानं आता आख्ख्या बालाघाटाच्या डोंगरात कुठंही जाता येत होतं, फक्त घरी येता येत नव्हतं.

नंदूला अंगणवाडीत नाचायला घेतलं. तिच्यासाठी हिरवं जरीकाठाचं परकर-पोलकं शिवलं. ते तिला आज्जीला दाखवायचं होतं, जवळून, हात लावून. दगडापाशी उभी राहून ती म्हणाली, "आज्जीला इथून जरीचा काठ दिसत न्हाई." त्या वेळी माझं डोकं फिरलं. मी पोरीला कडेवर घेतलं, ओढा ओलांडला आणि तरातरा पालापर्यंत गेले.

सासूबाई वाघर दुरुस्त करत बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या. "बबे, मागं घे तिला."

"न्हाई घेत. डॉक्टरीनबाईनं सांगितलंय, लेकराला काय होत न्हाई."

"तिला काय ठावं? तिच्या आईनं दोन लेकरं पुरलीत का?"

मी नंदूला खाली सोडलं. ती परकर दोन्ही हातांनी वर धरून पळत सुटली, आज्जी, आज्जी करत. सासूबाईंचे हात पुढं झाले. मी ते पाहिलं, ते हात पुढं झाले होते. मग त्यांनी ते मागं घेतले, वळल्या आणि डोंगराकडं चालायला लागल्या.

एवढ्या झपाझप चढ चढताना मी त्यांना दुखण्याआधीही पाहिलं नव्हतं. लंगडणं नाही, थांबणं नाही, काठी नाही. पाय अगदी खणखणीत झाला होता. मला त्या बाईची लई माया आली, पण ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत. नंदू थोडं अंतर त्यांच्यामागं धावली, मग परकरात पाय अडकून बसली. मी जाऊन तिला उचललं आणि घरी आणलं.